होकायंत्र आणि पाटी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटातर्फे कोळीवाड्यातल्या बावीस मुलींना घेऊन मी सागरी इतिहासाचं एक लहानसं संग्रहालय बघायला गेले होते. खरं सांगायचं तर सहल म्हणूनच गेले होते. सातवी ते नववीच्या या मुली. सुट्टी लागली की यांच्या वाट्याला कोळंबी सोलणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि घरचं पाणी भरणं येतं. एक दिवस तरी त्यांना बाहेर काढावं, एवढाच माझा हेतू होता. त्यातून या संपादकीयाचा विषय निघेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. आत गलबतांच्या प्रतिकृती, जुने नकाशे, पितळी होकायंत्रं आणि आरमारी अधिकाऱ्यांच्या तसबिरी आहेत. पण तिथला खरा आकर्षणाचा भाग पडवीत चालतो. मुलांना वस्तू हाताळायला देतात. दोराच्या गाठी मारायला शिकवतात, पाण्याच्या वाडग्यात सुई तरंगवून होकायंत्र करायला लावतात, पुठ्ठ्याचं 'कमाल' करून ताऱ्याची उंची कशी मोजायची ते दाखवतात. शिकवणारे गृहस्थ जहाजावरून निवृत्त झालेले खलाशी आहेत. माणूस प्रेमळ आणि हाडाचा शिक्षक.

आधी या उपक्रमाचं कौतुक करते, कारण ते मनापासून आहे. आपल्या शाळांत मुली ऐकायला शिकतात, उतरवून घ्यायला शिकतात आणि गप्प बसायला शिकतात. इथे पहिल्यांदाच त्यांना कुणी 'हात लावू नका' म्हणालं नाही. सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने तीसचाळीस वेळा घासायची, बुचाच्या चकतीत खोचायची आणि पाण्यावर सोडायची. ती डुलते, फिरते आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबते. कितीही वेळा ढकलली तरी परत तिथेच येते. भूगोलात दोनदा नापास झालेली एक मुलगी त्या वाडग्यासमोर वीस मिनिटं बसून होती. वाडगं फिरवून बघत होती, सुई फिरते का ते तपासत होती. वाडगं फिरलं तरी सुईची दिशा तीच. तिने हे स्वतः शोधून काढलं. पुस्तकातली एक ओळ पाठ करण्यात आणि यात किती अंतर आहे, ते आपल्यापैकी ज्यांनी साक्षरतेचे वर्ग घेतलेत त्यांना वेगळं सांगायला नको. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, त्याला आता नव्वद वर्षं होत आली. आमच्या मुलींच्या शाळेत तो अजून पोचलेला नाही, या पडवीत मात्र तो मला भेटला.

'कमाल'बद्दलही सांगते, कारण ते पुढे येणार आहे. अरब आणि आपल्याकडचे खलाशी ते वापरत. एक लाकडी फळी, तिच्या मधोमध ओवलेली दोरी आणि दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. दोरीची गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा टेकतो का ते पाहायचं. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकेच अंश आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. मुंबईहून तो सुमारे एकोणीस अंशांवर दिसतो. एकेक बंदर म्हणजे दोरीवरची एकेक गाठ. लिहिता न येणाऱ्या माणसांनी समुद्राचा नकाशा असा गाठीत बांधून ठेवला होता.

आता त्या दिवशी मला काय खटकलं ते.

दोराचा वर्ग सुरू झाला. आमच्याबरोबर त्या दिवशी दुसऱ्या एका शाळेतले दहाबारा मुलगेही होते. दोर जाड होता. शिकवणाऱ्या काकांनी सहजपणे मुलग्यांना पुढे बोलावलं आणि आमच्या मुलींना जहाजावर लावायच्या संदेशाच्या पताका रंगवायला बसवलं. त्यात वाईट हेतू नव्हता. 'मुलींना रंगकाम आवडतं,' एवढाच त्यांचा हिशेब. मी बोलले, ते ओशाळले आणि लगेच दोर मुलींकडे आला. प्रश्न तिथे मिटला असता.

पण आमच्यातल्या एका मुलीने दोर घेतला नाही. हात मागे बांधून उभी राहिली. मी जवळ गेले तेव्हा कानात म्हणाली, 'ताई, मला चालत नाही आज.' तिची पाळी आली होती. त्या दिवसांत जाळ्याला, दोराला आणि होडीला हात लावायचा नाही, हे तिला घरात शिकवलेलं. संग्रहालयातला दोर हा तिच्या लेखी दोरच होता.

मी समाजकार्याची पदवीधर. पाळी आणि विटाळ या विषयावर किमान पन्नास वस्त्यांत बोलले असेन. तिथल्या तिथे मी तिला समजावायला लागले. विज्ञान सांगितलं, अंधश्रद्धा सांगितली. ती मान हलवत राहिली आणि हात मागेच राहिले. आजूबाजूच्या मुलींना कळलं, मुलग्यांनाही कळलं आणि मी तिला चारचौघांत उघडं पाडलं, एवढंच त्यातून निष्पन्न झालं. घरी येताना ती बसमध्ये माझ्याशेजारी बसली नाही.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी माफी मागायला गेले. तिची आई नाक्यावर मासळी विकते. पहाटे धक्क्यावर लिलावाला जाते, बर्फ घालून पाटी भरते आणि दुपारी दोनपर्यंत बसते. मी गेले तेव्हा ती दारात बसून फाटलेलं जाळं सांधत होती. मी जे घडलं ते सांगितलं. ती हसली. 'बाय, ह्ये नायलॉनचं जालं. कारखान्यात बनतं. तिथं मशीनवर बायाच असतील ना? त्या काय महिन्याचे चार दिवस घरी बसतात?' मग लेकीकडे वळून म्हणाली, 'धर.' मुलीने जाळं धरलं.

मी जे पन्नास वस्त्यांत सांगत आले ते त्या बाईने दोन वाक्यांत सांगितलं, आणि तिचं सांगणं हाताला पोचलं. एका वाक्याने विटाळ जात नाही हे मलाही माहीत आहे. त्या घरात देवघराचा नियम अजून तसाच आहे. पण दोराचा नियम त्या संध्याकाळी सुटला.

मग मी तिथेच बसले. जाळं सांधायची लाकडी सुई, फासे सारख्या मापाचे यावेत म्हणून मध्ये धरायची बांबूची पट्टी, भोक पडलेल्या जागेच्या कडा आधी कापून सरळ कशा करायच्या, हे सगळं ती करत करत सांगत होती. तिची आजी घरी सणाचा धागा काढायची. नायलॉन आलं आणि आजीचं ते काम संपलं. मी गाठ बघून शिकायचा प्रयत्न केला तेव्हा म्हणाली, 'गाठ काय डोल्यांनी मारतात? बोटांना कल्ली पाहिजे.' संग्रहालयात काकांनी ज्या सहा गाठी शिकवल्या त्यातल्या चार तिला येत होत्या. नावं येत नव्हती एवढंच. खुंट्याला होडी बांधायची गाठ तिने एका हाताने मारून दाखवली, दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

इथून आमचं काम सुरू झालं. आम्ही संग्रहालयाला पत्र दिलं की पुढच्या सुट्टीत दोराच्या वर्गाबरोबर जाळ्याचा वर्गही ठेवावा, आणि तो कोळीवाड्यातल्या दोन बायकांनी घ्यावा. तिथल्या मंडळींना कल्पना फार आवडली. इतकी आवडली, की त्यांनी लगेच सुचवलं, 'बायकांनी पारंपरिक लुगडं नेसून, दागिने घालून यावं. शेवटी एखादं कोळीनृत्य झालं तर बहार येईल.' मैत्रिणींनो, निवृत्त खलाशी काका शर्ट-पँटमध्ये शिकवतात. त्यांना कुणी गणवेश घालून या म्हणालं नव्हतं, नाचायलाही सांगितलं नव्हतं. पुरुषाच्या हातातली ती विद्या आणि बाईच्या हातातली ती लोककला, हा भेद इतका अंगवळणी पडलेला आहे की तो करताना कुणाला आपण काही केलं असं वाटतही नाही.

नृत्य रद्द झालं. वर्ग झाला, उत्तम झाला. दोन्ही बायका रोजच्या साडीत आल्या. मुलींनी आणि मुलग्यांनीही वीतभर जाळं विणलं. शेवटी काकांना मानधनाचं पाकीट मिळालं आणि बायकांना नारळ, खण आणि टाळ्या मिळाल्या. खर्चाच्या पावतीवर काकांच्या नावापुढे 'प्रशिक्षक' लिहिलं होतं आणि बायकांच्या नावापुढे 'पालक'.

त्यातली एक बाई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, 'नारल घरात हायेत.' त्या दिवशी तिने सकाळचा धंदा सोडला होता. हा वर्ग सकाळी अकराला ठेवला होता आणि ती वेळ मीच सुचवली होती, हेही कबूल केलं पाहिजे. मासळी विकणारीला सकाळी अकरा म्हणजे काय, याचा विचार तिच्या नावाने बोलणाऱ्या माझ्यासारखीने केला नव्हता.

त्यानंतर दोन महिने पत्रव्यवहार झाला. 'आमची संस्था लहान आहे', 'त्या शिकलेल्या नाहीत', 'त्यांनी मागितलं नव्हतं', 'प्रेमाने बोलावलं होतं', अशी सगळी उत्तरं मिळाली. घरकामाला मोल मागितलं की हीच उत्तरं मिळतात, हे आपण गेली कित्येक वर्षं ऐकत आलो आहोत. शेवटी त्या निवृत्त काकांनीच तोड काढली. ते समितीला म्हणाले, 'त्यांना देणार नसाल तर माझंही पाकीट नको.' आता तिघांना सारखं मानधन मिळतं, वर्ग दुपारी चारला असतो आणि पावतीवर तिघांपुढेही एकच शब्द असतो. पुरुषांनी साथ दिली की काय होऊ शकतं, याचं उदाहरण म्हणून हे लिहिते. साथ मागावी लागते, हेही त्याबरोबर लिहिते.

आता मोठ्या प्रश्नाकडे येते. वर्ग सुधारला, पण आतल्या दोन खोल्यांचं काय? समुद्राचा इतिहास म्हणून आपण जे मांडतो त्यात बाई कुठे असते? बहुतेक वेळा गलबताच्या नावात किंवा नाळेवर कोरलेल्या मूर्तीत. मी यानंतर थोडं वाचन केलं. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नाविकांचं बंड सुरू झालं. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही त्यामागची तात्कालिक कारणं. या बंडाचा उल्लेख आता संग्रहालयांत सापडतो, कुलाब्याला नाविकाचा पुतळाही आहे. पण नाविकांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि २२ फेब्रुवारीला परळमध्ये लष्कराने केलेल्या गोळीबारात कमल दोंदे मारल्या गेल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. परळच्या महिला संघाच्या या कार्यकर्त्या. नाविकांच्या इतिहासात त्यांचं नाव एका ओळीत तरी यायला नको का?

सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघालं, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. हे फलकावर असतं. त्याच कंपनीची धुरा पुढे सुमती मोरारजी यांनी सांभाळली आणि १९५६ मध्ये त्या भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या, हे क्वचितच असतं. त्या मालक वर्गातल्या होत्या, आपल्या नेहमीच्या नायिकांमध्ये बसणाऱ्या नव्हेत. पण त्यांना वगळण्याचं कारण वर्ग नव्हता, हे आपल्याला ठाऊक आहे.

कोकणातून मुंबईला येणाऱ्या बोटी घ्या. त्या बोटींतून गिरणीकामगार आले. मागे गावात राहिलेल्या बायकांनी शेती केली, म्हातारी माणसं सांभाळली आणि मनीऑर्डरची वाट पाहिली. मुंबईत त्या कामगारांना जेवू घातलं ते खानावळवाल्या बायकांनी. त्यांचं संघटन व्हायला १९७५ साल उजाडावं लागलं. प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. बोटीच्या काचेतल्या प्रतिकृतीशेजारी एखादा जेवणाचा डबा ठेवायला किती जागा लागते?

मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात 'कौंडिण्य' हे जहाज दाखल झालं. अजिंठ्याच्या चित्रातल्या गलबतावरून ते बांधलं आहे. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत. शिवण्याचं कसब सांगणारे लेख पुष्कळ आले. पण काथ्या होतो कसा? नारळाची सोडणं पाण्यात कुजवायची, बडवायची, तंतू वेगळे करायचे आणि पीळ द्यायचा. केरळात हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः बायकांनी केलं आहे. शिवलेल्या जहाजांचा जुना इतिहास सांगताना दोर वळणाऱ्या हातांची चौकशी झाली पाहिजे.

आणि हे आपल्याकडेच घडतं असं नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ॲन्स्ट्रुदर या लहानशा बंदरात १९६९ पासून मच्छीमारीचं एक संग्रहालय आहे. तिथे हेरिंग मासळी साफ करणाऱ्या बायकांचा इतिहास जपलेला आहे. या बायका तिघीतिघींच्या टोळीत काम करत. दोघी मासा चिरून आतडी काढत, तिसरी मिठात थर लावून पिंपं भरत. मासळीच्या हंगामामागे त्या उत्तरेच्या बेटांपासून इंग्लंडच्या यार्मथपर्यंत जात. मिठाने बोटं सोलवटू नयेत, सुरीने कापू नयेत म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळत. १९३०च्या दशकात त्यांनी यार्मथला मजुरीसाठी संपही केला. हे वाचताना मला ससून डॉकच्या बायका आठवल्या. १८७५ मध्ये बांधलेल्या त्या गोदीत आजही बायका उकिडव्या बसून बर्फातली कोळंबी सोलतात. त्यांच्याही बोटांना चिंध्या असतात. त्या बोटांचा इतिहास मांडणारी काचेची पेटी आपल्याकडे अजून तयार व्हायची आहे.

कोळंबी सोलणाऱ्यांचा उल्लेख मी मुद्दाम करते. आमच्या जाळ्याच्या वर्गातल्या दोन्ही बायका कोळी समाजाच्या, घरची होडी असलेल्या. सोलणाऱ्यांमध्ये बाहेरून पोटासाठी आलेल्या, ना होडी ना घर अशा अनेक आहेत. त्यांना आम्ही बोलावलं नाही. 'समुद्राची बाई' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटी घेतलेली ठसठशीत कोळीण येते, हिशेबाने आलेली मजूर बाई येत नाही. संग्रहालयाने जे आपल्या बाबतीत केलं ते आपणही दुसरीच्या बाबतीत करतो. आमच्या गटाच्या बैठकीत यावर वादावादी झाली, ती अजून संपलेली नाही. पुढच्या सुट्टीतल्या वर्गासाठी त्यांच्यातल्या दोघींशी बोलणं चालू आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता, 'दिवसाचा खाडा किती भरून देणार?' योग्य प्रश्न आहे.

काही जणी म्हणतील, नोकऱ्यांचा, हिंसेचा, घराच्या हक्काचा प्रश्न पेटलेला असताना तुम्ही संग्रहालयाचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. माझं उत्तर असं. आपल्या नौदलात वैद्यकीय सेवेबाहेरच्या अधिकारी पदांवर बायका १९९२ पासून आल्या. कायमस्वरूपी सेवेचा हक्क मिळवायला त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि तो मिळाला मार्च २०२० मध्ये. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच ती पुन्हा केली. व्यापारी जहाजावरच्या कॅप्टन राधिका मेनन यांना वादळात अडकलेल्या सात मच्छीमारांना वाचवल्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. तरीही २०२१ च्या एका जागतिक अहवालानुसार व्यापारी जहाजांवरच्या खलाशी-अधिकाऱ्यांत बायकांचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपासच होतं.

या सव्वा टक्क्याचं एक टोक दोर घेऊन पुढे बोलावलेल्या मुलग्यांपाशी आणि पताका रंगवायला बसवलेल्या मुलींपाशी आहे. आणि दुसरा मुद्दा त्याहून रोकडा आहे. मासळी बाजाराच्या पुनर्बांधणीत कुणाला गाळा मिळणार, मच्छीमार म्हणून कुणाचं नाव यादीत लागणार, नुकसानभरपाई कुणाच्या खात्यात जाणार, हे ठरवताना 'मच्छीमार कोण' हे विचारलं जातं. त्याचं उत्तर अनेकदा 'जो समुद्रात जातो तो' असं गृहीत धरलेलं असतं. बाई किनाऱ्यावर जे करते ते 'मदत' ठरतं. पावतीवर 'पालक' लिहिणारा हात आणि यादीतून नाव गाळणारा हात यांच्यात नातं आहे. एक छोटी पावती दुरुस्त करताना आम्हाला दोन महिने लागले, पण त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यातल्या पंधरावीस बायकांना आपलं काम काय नावाने लिहिलं जातं याची सवयीने चौकशी करण्याची गोडी लागली. त्यातल्या तिघींनी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जाऊन सभासदांच्या यादीत आपलं नाव आहे का ते विचारलं. दोघींचं नव्हतं. अर्ज दिले आहेत.

म्हणून गटागटांतल्या मैत्रिणींना माझी विनंती आहे. तुमच्या जवळपास एखादं लहान संग्रहालय असेल, समुद्राचं, शेतीचं, विणकामाचं, किल्ल्याचं, कशाचंही, तर तिथे मुलींना घेऊन जा. मुलींच्या हातात काय दिलं जातं आणि मुलग्यांच्या हातात काय, ते बघा. तिथल्या वस्तू कुणी केल्या, कुणी दुरुस्त केल्या, त्यांना लागणारा कच्चा माल कुणी तयार केला, हे विचारा. ज्यांना ती कामं येतात अशा वस्तीतल्या बायकांना शिकवायला बोलवा असा आग्रह धरा. मानधन, प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई आधी लेखी ठरवा. वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. आणि पावतीवर काय लिहिलंय ते सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्या.

शेवटी त्या मुलीबद्दल. संग्रहालयातल्या काकांनी मुलींना घरी करायला एक काम दिलं होतं. कंपासपेटीतला कोनमापक घ्यायचा, त्याला दोरा आणि दोऱ्याला वजन म्हणून नट बांधायचा आणि रात्री ध्रुवताऱ्याची उंची मोजायची. सुट्टी संपल्यावर विचारलं तर बावीसपैकी एकीनेही मोजली नव्हती. तारा कसा शोधायचा ते सगळ्यांना येत होतं, पण रात्री गच्चीवर किंवा किनाऱ्यावर जायला कुणालाच परवानगी नव्हती. मुलग्यांपैकी सात जणांनी मोजून आणली होती. साधन दोघांना सारखंच मिळालं होतं.

तेव्हा डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही कोळीवाड्यातल्या समाजमंदिराच्या गच्चीची किल्ली मागून घेतली. आयांनाच बोलावलं, म्हणजे मुली आपोआप आल्या. रात्री आठ ते साडेनऊ. चौदा मुली, नऊ आया, दोन आज्या. गच्चीवर एवढ्या बायका रात्री कशाला जमल्या म्हणून दोनदा खालून विचारणा झाली. मोजमापं सोळापासून तेवीस अंशांपर्यंत आली. कुणाचा हात हलत होता, कुणाचा नट वाऱ्याने झुलत होता. सगळ्यांची सरासरी काढली ती एकोणीसच्या थोडी वर आली. मुलींनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

हात मागे बांधून उभी राहिलेली ती मुलगी कोनमापक धरून होती आणि तिची आई दोऱ्यावरचा आकडा वाचत होती. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने आकडा वाचला आणि मला म्हणाली, 'आमचे मालक सांगतात, ह्यो तारा होडीवरनंच नीट दिसतो. इथनं पण दिसतो की.'

मुलीची शाळा यंदा सुटणार अशी घरात बोलणी चालली होती. ती थांबली आहेत असं मी म्हणू शकत नाही. पुढच्या वर्षी दहावी, फीचा आणि लग्नाचा असे दोन्ही विषय घरात निघतातच. आम्ही येत-जात आहोत. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गच्चीची किल्ली मात्र आता आमच्याकडे मागावी लागत नाही, ती बायकांनीच समाजमंदिराच्या समितीकडून लिहून घेतली आहे.

तुमच्या गावातल्या अशा अनुभवांबद्दल जरूर लिहा. पुढच्या अंकात आपण ते एकत्र छापू.

सस्नेह,
संपादक मंडळासाठी